पडदा फिका, आजार दुसरीकडे: एलबीबीबी असलेल्या रुग्णाचा ‘स्ट्रेस थॅलियम’

रुग्ण करवीर तालुक्यातला. वय ५६, वजन ६८ किलो, धंद्याने गुळव्या. हंगामभर चुलवाणाच्या धगीत काहिलीशेजारी उभे राहून रस आटवायचा, मळी काढायची, पाक जमला की काहील उतरवायची, असे अंगमेहनतीचे काम. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब गोळीवर आटोक्यात, तंबाखू-चुना रोजचा. दोन महिन्यांपासून काहील उतरवताना आणि जोतिबाच्या पायऱ्या चढताना छातीत जड व्हायचे, दम लागायचा. पाच-दहा मिनिटे बसले की कमी. धुरामुळे दम लागतो अशी समजूत असल्याने गावातल्या डॉक्टरांकडून दमाच्या गोळ्या चालू होत्या. या गोळ्या पुढे महत्त्वाच्या ठरणार आहेत.

(ही एका माणसाची फाईल नाही. कोणाची ओळख पटू नये आणि नेहमी अडणारे मुद्दे एका ठिकाणी यावेत म्हणून तपशील जुळवून हे प्रकरण उभे केले आहे. मापे आणि डोस प्रत्यक्ष वापरातले आहेत.)

ईसीजीत एलबीबीबी, म्हणजे हृदयाला वीज पोहोचवणाऱ्या डाव्या शाखेत अडथळा. क्यूआरएस (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ) १४८ मिलिसेकंद. १२० आणि त्यापुढे गेले की पूर्ण एलबीबीबी धरतात. व्ही-१ मध्ये खोल एस, लीड-१ आणि व्ही-६ मध्ये रुंद, खाच असलेला आर आणि सुरुवातीचा क्यू गायब. पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोहोचायला लागणारा वेळ) १८८ मिलिसेकंद. जुना ईसीजी घरात कुठेच सापडला नाही, त्यामुळे अडथळा नवा की जुना हे कळायला मार्ग नव्हता.

असा ईसीजी आणि छातीत दुखणे एकत्र आले की आधी हार्ट अटॅक चालू नाही ना, हे बघायचे. एलबीबीबीत एसटी (ईसीजीत क्यूआरएसनंतरचा भाग) मुळातच वरखाली असतो, म्हणून त्यासाठी १९९६ पासून सगार्बोसाचे निकष वापरात आहेत. क्यूआरएसच्याच दिशेने एसटी एक मिलिमीटर चढला तर ५ गुण, व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एक मिलिमीटर उतरला तर ३, उलट दिशेने पाच मिलिमीटर चढला तर २. बेरीज ३ किंवा जास्त म्हणजे संशय पक्का. इथे बेरीज शून्य होती. दोन वेळा केलेला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) निगेटिव्ह आला आणि विश्रांतीत त्रास नव्हता. इकोत पडदा (हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत) उलटा हलताना दिसला, पंपिंग सुमारे ५० टक्के. थोडक्यात घाई नव्हती, पण हृदयाच्या नळ्यांमध्ये अडथळा आहे का आणि कुठल्या नळीत, हे शोधणे गरजेचे होते.

पहिली चाचणी आणि तिचा निष्कर्ष

एका केंद्रात रुग्णाला ट्रेडमिलवर चालवून ‘स्ट्रेस थॅलियम’ केला गेला, म्हणजे ताणात आणि विश्रांतीत ट्रेसर (किरणोत्सर्गी औषध) टोचून स्नायूला रक्त कुठे कमी पोहोचते ते कॅमेऱ्याने बघितले. बोलताना सगळे थॅलियमच म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी आता टेक्नेशियम-९९एम जोडलेले सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन दिले जाते. थॅलियम-२०१ चे अर्धायुष्य सुमारे ७३ तास, टेक्नेशियमचे फक्त ६ तास. म्हणून किरणोत्सर्गाचा भार कमी आणि चित्र जास्त स्वच्छ. नाव मात्र थॅलियमचेच टिकले.

रुग्ण ४ मिनिटे ४० सेकंद चालला. ठोके मिनिटाला १४२ झाले (२२० वजा ५६ म्हणजे १६४, त्याचे ८५ टक्के १३९, तेवढे गाठले होते). दमामुळे थांबावे लागले. अहवाल एका वाक्यात होता: पडद्यात श्रमाने येणारा आणि विश्रांतीत भरून निघणारा दोष, एलएडी (हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणाऱ्या) नळीत अडथळ्याची शक्यता, अँजिओग्राफी करावी.

खरी चूक अहवालाच्या आधी, ट्रेडमिलचा पट्टा सुरू केला तेव्हाच झाली होती. एलबीबीबीत श्रमाने केलेल्या इमेजिंगमध्ये पडदा फिका दिसणे हे इतके नेहमीचे आहे की त्यावरून एलएडीवर बोट ठेवणे म्हणजे जवळजवळ अंदाज बांधणे. असे का होते, हे समजले की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात.

पडदा फिका का दिसतो

डावी शाखा बंद असली की वीज उजव्या बाजूने येते आणि स्नायूतून स्नायूत हळूहळू पसरत डावीकडे जाते. पडदा आधी आकुंचन पावतो. डावी बाहेरची भिंत उशिरा आकुंचन पावते आणि तेव्हा पडदा ताणला जातो. त्याचे सैल होणे लांबते आणि हृदय विसावण्याच्या काळातही त्याच्यात ताण राहतो. डाव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय विसावत असतानाच.

नदीकाठच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. ठोक्यांमधला विसावा म्हणजे पडद्याची पाण्याची पाळी. एलबीबीबीत पाळी सुरू झाली तरी दार अर्धे मिटलेलेच. ठोके ७० असताना एक ठोका ८५७ मिलिसेकंदांचा असतो, पाळी लांब असते, म्हणून अर्ध्या दारातूनही शेत भिजते. ठोके १४२ झाले की ठोका ४२३ मिलिसेकंदांवर येतो, आणि त्यात आकुंचनाचा वेळ फारसा घटत नसल्याने सगळी काटछाट विसाव्याच्या वाट्याला येते. पाळी आखडते, दार अर्धेच, आणि पडद्यापर्यंत रक्त खरोखरच कमी पोहोचते. त्यामुळे याला कॅमेऱ्याचा दोष म्हणता येत नाही. रक्त खरेच कमी असते, पण त्याचे कारण नळीतला अडथळा नसतो.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. गामा कॅमेऱ्याला पातळ भिंत जाड भिंतीपेक्षा फिकी दिसते. पडदा नीट जाड होत नाही, म्हणून रक्त सारखे असले तरी तो मंद दिसतो. दुसरे म्हणजे चित्रात सगळ्यात उजळ बिंदूला शंभर धरून बाकीचे रंग ठरतात. एलबीबीबीत बाहेरची भिंत जास्त काम करते, तीच सगळ्यात उजळ ठरते आणि पडदा तिच्या तुलनेत अजून उतरतो. संगणकातला ‘नॉर्मल’ लोकांचा साठा सरळ वीजवहन असलेल्यांचा असतो, त्यामुळे पोलर मॅपवर (हृदयाच्या सपाट, गोल नकाशावर) पडदा काळा पडतो आणि गुणांची बेरीज फुगते. एलबीबीबीत संगणकाच्या आकड्यावर सही करू नये, डोळ्यांनी पाहावे.

म्हणून एलबीबीबीत चालवायचे नाही. डोब्युटामिनही नको, कारण तेही ठोके वाढवते. नळ्या रुंद करणारे औषध द्यायचे: अ‍ॅडेनोसिन, डायपिरिडामोल किंवा रेगाडेनोसन. ही औषधे निरोगी नळीतला प्रवाह तीन-चार पट करतात, तर अडथळा असलेली नळी तेवढी वाढ देऊ शकत नाही. स्नायूला श्रम होण्याची गरजच पडत नाही, फक्त वाटपातला फरक उघड होतो. ठोके थोडेच वाढतात, त्यामुळे पडद्याची पाळी फारशी आखडत नाही. इतर रुग्णांमध्ये अ‍ॅडेनोसिनबरोबर थोडे चालवतात, त्याने यकृत-आतड्यातला उजेड कमी होतो. एलबीबीबीत तेवढेही चालवू नये, नाहीतर औषध निवडून मिळवलेला फायदा हातचा जातो.

पेसमेकर उजव्या जवनिकेला ठोके देत असेल तर नियम हाच. उजव्या शाखेचा अडथळा किंवा डाव्या शाखेच्या फक्त पुढच्या फाट्याचा अडथळा असेल तर मात्र ट्रेडमिल चालते. काहींना एलबीबीबी ठोके वाढल्यावरच उमटतो. चालताना तो दिसला तर ट्रेसर टोचण्याआधी थांबून औषधाकडे वळणे शहाणपणाचे.

दुसऱ्यांदा, अ‍ॅडेनोसिनने

पर्याय म्हणून सीटी अँजिओग्राफी होतीच. एलबीबीबीचा तिला अडसर नाही, आणि रुग्ण तरुण असता, धोक्याची कारणे कमी असती तर ती आधी करावी असेच आमचे मत. इथे नऊ वर्षांचा मधुमेह आणि तंबाखू होता. नळ्यांत कॅल्शियम साचलेले असेल तर सीटीत तो फुगून दिसतो आणि अडथळा मोजता येत नाही. शिवाय कुठल्या भागाचा स्नायू उपाशी राहतो हा प्रश्न उरणारच होता.

ठरलेल्या सकाळी चाचणी झालीच नाही. टेक्निशियनने नेहमीप्रमाणे विचारले, “मामा, चहा-कॉफी घेतली का कालपासून?”

“चहाचं नावबी काढलं न्हाई.”

“आणि गोळ्या?”

“दमाची तेवढी घेतली सकाळी. ती न्हाई घेतली तर इथवर चालवलं नसतं.”

खिशातून पाकीट निघाले ते डेरिफिलिनचे. त्यात एटोफिलिन आणि थिओफिलिन असते. अ‍ॅडेनोसिन पेशीवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर) बसून नळ्या रुंद करते, तेच ग्राहक थिओफिलिन आणि कॅफिन अडवून धरतात. तशात चाचणी केली तर नळ्या रुंदच होत नाहीत, सगळीकडे सारखा ट्रेसर जातो आणि अहवाल येतो ‘नॉर्मल’. इथे खोटा दिलासा खोट्या भीतीपेक्षा वाईट.

यादी अशी ठेवावी: चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि कॅफिन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या किमान १२ तास बंद, शक्यतो २४ तास. थिओफिलिन, अ‍ॅमिनोफिलिन ४८ तास. तोंडाने घ्यायचे डायपिरिडामोलही ४८ तास, कारण ते उलट अ‍ॅडेनोसिनचा परिणाम वाढवते. गावाकडून येणाऱ्याला ‘कॅफिन’ म्हणून काही कळत नाही. ‘चहा, दम्याची गोळी, डोकेदुखीची गोळी’ असे नावानिशी विचारावे आणि पाकीट बघायला मागावे. कोऱ्या चहाला अनेकजण चहा मानत नाहीत, तोही वेगळा विचारावा.

आता दुसरा प्रश्न: दम्याच्या गोळ्या घेणाऱ्याला अ‍ॅडेनोसिन देता येईल का? चालू दमा असेल आणि छातीत शिटी वाजत असेल तर नाही, श्वासनळ्या आकसतात. रुग्णाची छाती स्वच्छ होती, पीएफटीत (फुफ्फुसांच्या तपासणीत) दमा नव्हता. म्हणजे धुराचा म्हणून समजला जाणारा दम बराचसा हृदयाचाच असावा. डेरिफिलिन बंद करून तीन दिवसांनी पुन्हा बोलावले. बीटा-ब्लॉकर नुकताच २५ मिलिग्रॅम सुरू झाला होता, तो हृद्रोगतज्ज्ञांना विचारून आदल्या दिवशी थांबवला.

अ‍ॅडेनोसिन नाकारायची बाकीची कारणे: पेसमेकर नसताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा एव्ही ब्लॉक (वरून खालच्या कप्प्यांत येणारी वीज अडणे), सिक सायनस (ठोक्यांचा उगमच कमजोर), वरचा रक्तदाब ९० च्या खाली. एलबीबीबीत हे जास्त जपून बघावे, कारण डावी शाखा आधीच बंद असते आणि अ‍ॅडेनोसिन एव्ही नोडवर ब्रेक लावते. पीआर १८८ ठीक होता. लांबलेला असता तर बाहेरून देता येणारा पेसर खोलीत तयार ठेवला असता.

डोसचे गणित

मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम, सहा मिनिटे. ६८ किलोला मिनिटाला ९.५२ मिलिग्रॅम, एकूण ५७.१ मिलिग्रॅम. औषध एक मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम या ताकदीचे असेल तर मिनिटाला ३.१७ मिलिलिटर, म्हणजे सिरिंज पंपावर ताशी १९० मिलिलिटर आणि एकूण १९ मिलिलिटर. सहा मिलिग्रॅमच्या छोट्या बाटल्या असल्या तर नुसत्या डोसलाच दहा फोडाव्या लागतात. २० मिलिलिटरची सिरिंज भरू नये. नळीत दोन-तीन मिलिलिटर अडकतात आणि शेवटच्या मिनिटाला पंप रिकामा फिरतो. ५० ची सिरिंज घेऊन २४ मिलिलिटर भरावे (म्हणजे बाटल्या बारा). काही पंपांना ताशी १९० चा वेग सिरिंजच्या मापानुसार झेपत नाही, ते आदल्या दिवशी पाण्यावर चालवून बघावे.

आयव्ही लाईन दोन हाताला दोन, किंवा कॅन्युलाच्या तोंडाशीच वाय-जोड. ट्रेसर त्याच लांब नळीतून ढकलला तर नळीतले अ‍ॅडेनोसिन एकदम आत जाते आणि ठोके थांबल्यासारखे होतात. रुग्ण घाबरतो, खोलीतले सगळे त्याच्याहून जास्त घाबरतात. चूक साधी असली तरी ती पुन:पुन्हा होते.

ट्रेसरच्या बाजूलाही हिशेब लागतो. टेक्नेशियम जनरेटरमधून दुधासारखे काढतात आणि त्यातल्या मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास आहे. सोमवारी मिळाले त्याच्या जेमतेम ३६ टक्के शुक्रवारी हाती येते. हृदयाच्या चाचणीला दुसरा डोस मोठा लागतो, म्हणून ती आठवड्याच्या सुरुवातीला लावावी. साडेअकराला ३० मिलिक्युरी हवे असेल तर सकाळी आठला त्या वाट्याचे ४५ मिलिक्युरी हाती हवेत. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतरचे पहिले दोहन सेस्टामिबीला टाळावे, कारण त्यात निकामी टेक्नेशियम साचलेले असते आणि जोडणी कच्ची राहते. किट उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे आणि शुद्धता ९० टक्क्यांच्या वर आली तरच वापरायचे. सुटे टेक्नेशियम जठरात जाते आणि जठर हृदयाच्या शेजारीच असते.

त्या दिवशीचा क्रम असा: सव्वाआठला विश्रांतीत १० मिलिक्युरी. एक ग्लास दूध, थोड्या वेळाने पाणी. सव्वानऊला विश्रांतीची चित्रे. साडेअकराला अ‍ॅडेनोसिन सुरू, तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी ३० मिलिक्युरी. दुसरा डोस पहिल्याच्या तिप्पट हवा, नाहीतर सकाळचा उजेड दुपारच्या चित्रात मिसळतो. अ‍ॅडेनोसिननंतर तासभर थांबून चित्रे. एलबीबीबी नसता तर आधी स्ट्रेस करून चित्र स्वच्छ आले की विश्रांतीचा डोस वाचवता आला असता. इथे पडदा विश्रांतीतही फिका असू शकतो, म्हणून दोन्ही लागतात.

ठोके ७४ वरून ८८ झाले, रक्तदाब १३८/८४ वरून ११८/७०. चेहरा लाल, छातीत दाब, दम. हे होणार असे आधी सांगितले होते, म्हणून रुग्ण निवांत होता. अ‍ॅडेनोसिनमध्ये छाती भरून येणे म्हणजे अडथळा असे नाही. निरोगी माणसालाही होते.

पाचव्या मिनिटाला एक सोडून एक ठोका गळू लागला. ट्रेसर देऊन दोन मिनिटे होत आली होती, तो स्नायूत शिरायला तेवढा वेळ पुरतो, म्हणून पंप बंद केला. अ‍ॅडेनोसिनचे अर्धायुष्य दहा सेकंदांहून कमी, त्यामुळे अर्ध्या मिनिटात ठोके सरळ झाले. ट्रेसर जायच्या आधी असे झाले असते तर वेग कमी करून बघितला असता. अ‍ॅट्रोपिनच्या (ठोके वाढवणाऱ्या औषधाच्या) मागे धावायची गरज नसते, पंपाचे बटण हाच पहिला इलाज. त्रास लांबला तर अ‍ॅमिनोफिलिन ५० ते १०० मिलिग्रॅम सावकाश शिरेतून. डायपिरिडामोल वापरले असते तर अ‍ॅमिनोफिलिन हाताशीच ठेवावे लागते, कारण डायपिरिडामोलचा परिणाम लांब रेंगाळतो. (डायपिरिडामोलचा डोस किलोमागे ०.५६ मिलिग्रॅम चार मिनिटांत. रेगाडेनोसन मिळाले तर वजनाचे गणितच नाही, सरसकट ४०० मायक्रोग्रॅम.)

चित्रे वाचताना

पहिल्याच फेरीत खालच्या भिंतीला चिकटून आतड्याचा एक उजळ वेटोळा दिसला. असे चित्र वाचूच नये. शेजारचा उजेड भिंतीत सांडला तर खरा दोष झाकतो, आणि चित्र बांधताना वापरलेला फिल्टर उजेडाच्या कडेला खोटी काळी पट्टीही पाडू शकतो. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. दोन ग्लास पाणी पाजून अर्ध्या तासाने पुन्हा चित्र घेतले. सेस्टामिबी एकदा स्नायूत बसले की फारसे हलत नाही, त्यामुळे तासाभराने काढलेले चित्रही टोचलेल्या क्षणाचेच असते. ही सोय थॅलियममध्ये नव्हती.

मग उताणे आणि पालथे अशी दोन चित्रे घेतली. पुरुषांत डायफ्रॅमची सावली खालच्या भिंतीवर पडते. पालथे झोपवले की हृदय सरकते आणि सावली निघून जाते. कॅमेऱ्याला सीटी जोडलेला असेल तर सावली गणिताने काढता येते, पण हृदय आणि सीटीचे चित्र एकमेकांवर नीट बसले आहे का ते दर वेळी बघावे. ते घसरले तर पुढच्या किंवा बाहेरच्या भिंतीत नवाच खोटा दोष तयार होतो.

हृदयाचे १७ भाग करून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. ० म्हणजे निरोगी, ४ म्हणजे काहीच ट्रेसर नाही. अ‍ॅडेनोसिनच्या चित्रात पडद्याच्या मधल्या दोन भागांना (८ आणि ९) एकेक गुण, आणि विश्रांतीतही नेमके तेवढेच. म्हणजे फिकेपणा हलका, न बदलणारा, एलबीबीबीला शोभेल असा. टोक आणि पुढची भिंत स्वच्छ. ट्रेडमिलवर दिसलेला मोठा दोष जवळजवळ गायब झाला होता.

खालची भिंत मात्र वेगळीच दिसत होती. तिच्या तळाला (४) दोन, मध्याला (१०) तीन, टोकाकडच्या भागाला (१५) दोन आणि शेजारच्या बाहेरच्या भागाला (११) एक. विश्रांतीत फक्त तळाला एक. पालथे झोपवल्यावरही दोष जागचा हलला नाही, आणि तो विश्रांतीत भरून निघत होता. सावली दोन्ही चित्रांत सारखीच पडते, ती कधी भरून निघत नाही. स्ट्रेसची बेरीज १०, विश्रांतीची ३, फरक ७. एकूण शक्य गुण ६८. म्हणजे साधारण १० टक्के स्नायू ताणात उपाशी राहत होता. हा आरसीएचा, म्हणजे उजव्या मुख्य नळीचा इलाखा.

मग पहिल्या केंद्राची सीडी उघडून पाहिली. तिथेही खालच्या भिंतीत हलका दोष होता. पालथे चित्र नव्हते, दोष डायफ्रॅमच्या खात्यावर टाकला गेला असणार आणि सगळे लक्ष पडद्याने वेधून घेतले. आणखी एक बारीक गोष्ट: पडद्याचा खालचा अर्धा भाग (३ आणि ९) प्रमाणित नकाशात एलएडीचा नव्हे, आरसीएचा मानतात. त्यामुळे ‘पडदा म्हणजे एलएडी’ हे समीकरण एलबीबीबी नसतानाही अर्धेच खरे असते.

एलबीबीबीत एलएडीचा खरा आजार ओळखायचा असेल तर दोष टोकापर्यंत आणि पुढच्या भिंतीपर्यंत पसरला आहे का ते बघावे. टोक वाचलेले आणि फक्त पडदा फिका असेल तर हात आखडता घ्यावा. अ‍ॅडेनोसिननेही खोटा दोष कधीकधी उरतोच. तो कमी होतो, संपत नाही.

गेटेड चित्रात (ईसीजीच्या तालावर एका ठोक्याचे आठ तुकडे) पंपिंग विश्रांतीत ४९ आणि अ‍ॅडेनोसिननंतर ४४ टक्के. पाच टक्क्यांची घट मोजमापाच्या चुकीच्या काठावर असते, तिच्यावर एकटीवर भर देऊ नये. पण तिन्ही नळ्या सारख्याच बंद असतील तर चित्र फसवे समतोल येऊ शकते, म्हणून ही घट आणि ताणानंतर जवनिका फुगलेली दिसते का, या दोन्ही गोष्टी नेहमी नोंदवाव्यात. इथे जवनिका फुगलेली नव्हती. पडदा उलटा हलत होता आणि कमी जाड होत होता, पण एलबीबीबीत तसे होतेच. त्यावरून पडद्यात जुना अटॅक ठरवू नये.

अहवालात लिहिले ते असे: ‘एलबीबीबी. अ‍ॅडेनोसिन, पाच मिनिटे, दुसऱ्या दर्जाच्या एव्ही ब्लॉकमुळे थांबवले. ट्रेसर त्याआधी दिला. सर्वोच्च ठोके ८८. डेरिफिलिन ७२ तास बंद. खालच्या भिंतीत मध्यम, भरून निघणारा दोष, आरसीए क्षेत्र, सुमारे १० टक्के स्नायू. पडद्यातला हलका न बदलणारा फिकेपणा वीजवहनाच्या दोषाशी सुसंगत. एलएडीत लक्षणीय अडथळ्याचा पुरावा नाही.’ सर्वोच्च ठोके, ताण कशाने दिला आणि कुठली औषधे बंद होती, हे तीन तपशील नसलेला एलबीबीबीचा अहवाल हृद्रोगतज्ज्ञाने परत पाठवावा.

पुढे

दहा टक्के म्हणजे लगेच स्टेंट असे नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत ५,१७९ स्थिर रुग्णांमध्ये आधी अँजिओग्राफी-स्टेंट केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीत दुखणे मात्र कमी झाले. म्हणून आधी गोळ्या पूर्ण डोसला नेल्या: अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीटा-ब्लॉकर, नायट्रेट. सहा आठवड्यांनीही काहील उतरवताना दुखणे आलेच. हंगाम तोंडावर होता आणि हलके काम देणारा मालक मिळणे अवघड. तेव्हा मनगटातून अँजिओग्राफी झाली: आरसीएच्या मध्यात ८५ टक्के अडथळा, एलएडीत ३० टक्के, पडद्याला जाणाऱ्या फांद्या मोकळ्या. आरसीएत एक स्टेंट बसला.

ईसीजी मात्र होता तसाच राहिला. स्टेंट टाकूनही ‘शाखा’ का उघडली नाही, असे घरच्यांनी विचारले. नळी आणि वीजवाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दुसरीचा बिघाड स्टेंटने जात नाही. हे चाचणीच्या आधीच सांगितले असते तर बरे झाले असते. डेरिफिलिन कायमचे बंद झाले आणि दम परत आला नाही.

एलबीबीबी राहिल्याने पुढची प्रत्येक इमेजिंग याच पद्धतीने करावी लागेल. पुन्हा दुखू लागले तर तुलना या अ‍ॅडेनोसिनच्या चित्रांशी करायची, ट्रेडमिलच्या नाही. मूळ डेटाची सीडी रुग्णाकडे दिली आहे आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईत दोन ओळी आहेत: ‘चालवू नये. अ‍ॅडेनोसिन पीआर बघून, पेसर जवळ ठेवून.’